रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग त्रास कशाचा?

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. काळजी करू नका." हे वाक्य मी ताईच्या शेजारच्या खुर्चीत बसून इतक्या वेळा ऐकलंय, की डॉक्टर फाईलचं शेवटचं पान उलटायला लागले की ते आता येणार हे मला कळतं. पहिल्या खेपेला आम्ही दोघी खूश होऊन बाहेर पडलो होतो. पाचव्या की सहाव्या खेपेला पायऱ्या उतरता उतरता ताई कठडा धरून थांबली आणि म्हणाली, "अगं, काहीतरी निघायला हवं होतं गं."

आपल्याला काहीतरी आजार निघावा असं कुणाला वाटेल, हे बाहेरून बघणाऱ्याला पटणार नाही. पण केस विंचरायला वर नेलेला हात अर्ध्यातच खाली येतो, आंघोळ करून आलं की तासभर आडवं व्हावं लागतं, वाचलेल्या ओळीचा अर्थ पुढच्या ओळीपर्यंत टिकत नाही, आणि कागदावर मात्र सगळं छान असतं. अशा वेळी त्या कागदाचाच राग येतो.

ताईच्या दुखण्याला सात वर्षांत नाव मिळालेलं नाही. या सात वर्षांत मी जे वाचलं, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलं, ते इथे एका जागी मांडते आहे. मी डॉक्टर नाही आणि या लेखावरून कुणी स्वतःचं निदान करू नये, औषध सुरू किंवा बंद करू नये. पण जे घडतंय ते का घडतंय हे कळलं की निम्मी घुसमट कमी होते, हे मी घरात पाहिलं आहे.

'नॉर्मल' कसं ठरतं

रिपोर्टवर आपल्या आकड्याशेजारी एक पट्टा छापलेला असतो: इतक्यापासून इतक्यापर्यंत. तो ठरवायची नेहमीची रीत अशी. निरोगी समजल्या जाणाऱ्या बऱ्याच लोकांचं रक्त तपासायचं, आलेले आकडे चढत्या क्रमाने मांडायचे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून द्यायचे आणि मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणायचं. म्हणजे धडधाकट माणसांपैकीही ५ टक्के मुळातच पट्ट्याच्या बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा तरी आकडा बाहेर जाण्याची शक्यता साधारण ६४ टक्के निघते. ठळक अक्षरात छापलेला एखादा आकडा पाहून जिवाचा थरकाप उडतो, तेव्हा हे गणित आठवावं.

एएनए नावाची तपासणी याचं चांगलं उदाहरण आहे. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटली आहे का, याचा अंदाज घ्यायला ती करतात. पण १:४० इतक्या सौम्य पातळीवर, म्हणजे रक्तातला द्रव चाळीस पट पातळ करून तपासला तर, निरोगी माणसांतही जवळपास तिघांतल्या एकाची ही तपासणी पॉझिटिव्ह येते, आणि १:१६० वरही वीसातल्या एकाची. ताईची एकदा १:८० ला पॉझिटिव्ह आली होती. आम्ही दोन महिने झोपलो नाही. नंतर संधिवाताच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत समजावलं, की सांधे, त्वचा, मूत्रपिंड यांची काही लक्षणं नसताना एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू आपल्या कामाची जास्त आहे. तपासणी म्हणजे शरीराला विचारलेला एक नेमका प्रश्न असतो. "हिमोग्लोबिन कमी आहे का?" याचं उत्तर "नाही" आलं, म्हणजे लोहाचा साठा भरपूर आहे असं होत नाही. साठ्याचा प्रश्न वेगळा, त्याची तपासणी फेरिटिन. हिमोग्लोबिन अगदी ठीक असताना फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं आणि तेवढ्यानेही माणूस गळून जातो. त्यातही मेख अशी की अंगात कुठे सूज किंवा संसर्ग असला तर फेरिटिन वाढतं, त्यामुळे रिकामा साठाही भरल्यासारखा दिसू शकतो.

प्रश्न विचारण्याची वेळ चुकली तरी उत्तर चुकतं. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते, त्या सेलिॲक आजाराची रक्ततपासणी ग्लुटेन खात असतानाच करावी लागते. "बंद करून पाहूया" म्हणून आधीच सोडलं असेल, तर आजार असूनही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन हे व्हिटॅमिन भरपूर असतं आणि ते थायरॉईडच्या काही तपासण्यांचे आकडे खोटे दाखवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल २०१७ मध्ये सावध केलं होतं. म्हणून रक्त द्यायला जाण्याआधी आपण घेत असलेलं सगळं, अगदी 'नुसतं व्हिटॅमिन' सुद्धा, सांगायला हवं. ही गोष्ट आम्हाला कुणी विचारली नव्हती आणि आम्हीही सांगितली नव्हती.

तेव्हा "काही निघालं नाही" या वाक्याचा खरा अर्थ एवढाच: जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं "नाही" आली. न विचारलेल्या प्रश्नांबद्दल कागद काहीच बोलत नाही.

नाव नसलेले लोक किती?

पुष्कळ. १९८९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक हजार रुग्णांच्या तीन वर्षांच्या नोंदी घेऊन छातीत दुखणं, थकवा, चक्कर, डोकेदुखी, पाठदुखी, मुंग्या अशा नेहमीच्या १४ तक्रारींचं पुढे काय झालं ते पाहिलं. शरीरातलं ठोस कारण सापडलं ते फक्त १६ टक्के तक्रारींत. यातल्या कितीतरी तक्रारी आपोआप जातात, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही. ज्यांच्या जात नाहीत, ते मात्र एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहतात.

त्याचं एक कारण वैद्यकशास्त्राच्या घडणीत आहे. शरीरात काय बिघडलंय हे शोधायची आपली साधनं बहुतेक करून रचना पाहतात: गाठ, व्रण, तुटलेलं हाड, बुजलेली रक्तवाहिनी. कामकाज बिघडलं असेल तर ते फोटोत येत नाही. आतडी जागच्या जागी आहेत पण त्यांची हालचाल बेताल आहे, हृदय ठणठणीत आहे पण उभं राहिल्यावर त्याला मिळणारे आदेश चुकतायत, नसा शाबूत आहेत पण त्या क्षुल्लक स्पर्शालाही दुखणं म्हणून वर कळवतात. हे सगळं खरंखुरं शारीरिक आहे. ते पकडायला वेगळ्या तपासण्या लागतात आणि त्या सगळीकडे होत नाहीत.

दुसरं कारण, ज्ञानच कधी कधी उशिरा येतं. पोटातला अल्सर काळजीने आणि चिडचिडीने होतो, असं कितीतरी वर्षं डॉक्टरही सांगत. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी त्यामागचा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. लोक मानेनात म्हणून १९८४ मध्ये मार्शल स्वतः ते जंतू प्याले आणि आजारी पडले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. दरम्यानच्या काळात "जरा शांत राहायला शिका" हा सल्ला ऐकत किती जणांनी पोट धरून रात्री काढल्या असतील!

लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलची गोष्ट तर मला विसरता येत नाही. १९५५ साली तिथले २९२ कर्मचारी, म्हणजे डॉक्टर, नर्स, इतर माणसं, एका चमत्कारिक दुखण्याने आजारी पडले. ताप, स्नायूदुखी, कमालीची अशक्तता. हॉस्पिटल काही काळ बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी एकाही रुग्णाला न तपासता, जुनी कागदपत्रं चाळून निष्कर्ष काढला की हा सामूहिक हिस्टेरिया होता. त्यांच्या पुराव्यांपैकी एक असा, की आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत हे दुखणं मज्जासंस्थेच्या आजारांत घातलं होतं, हे विशेष. आज ज्याला एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात, त्याच्या रुग्णांना त्या हिस्टेरियाच्या शिक्क्याची किंमत पुढची कित्येक दशकं मोजावी लागली.

लाँग कोविड हे नाव तर २०२० मध्ये रुग्णांनीच दिलं. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. आधी त्रास, मग रुग्णांचा आरडाओरडा, आणि नाव सगळ्यात शेवटी, असाच क्रम लागतो बऱ्याचदा.

"मनाचं आहे सगळं"

हे वाक्य जिव्हारी लागतं. "मग मी काय नाटक करते?" असं ताई एकदा भर दवाखान्यात म्हणाली होती. त्यावर समोरच्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

त्या वाक्यात काय खरं आहे आणि काय खोटं, हे नीट वेगळं करायला हवं. दुखणं मेंदूत जाणवतं, हे सगळ्याच दुखण्यांबाबत खरं आहे, मोडलेल्या हाताचंसुद्धा. सतत दुखत राहिलं की पाठीच्या कण्यातल्या आणि मेंदूतल्या पेशी त्या संदेशांना अधिकाधिक हळव्या होत जातात. घराची धोक्याची घंटा चोर आल्यावर वाजायला हवी, पण ती इतकी हळवी झाली की पान हललं तरी वाजते. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगातून हा बदल दाखवून दिला. अंगभर सतत दुखत राहणाऱ्या फायब्रोमायाल्जियासारख्या आजारात असंच काहीसं होतं असं मानतात. यात घंटेचा आवाज खोटा नसतो. ऐकणाऱ्याचे कान खरंच किटतात.

फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर नावाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात हात-पाय लुळे पडतात, झटके येतात, चालणं बिघडतं, पण मेंदूच्या फोटोत काही दिसत नाही. पूर्वी हे निदान "दुसरं काही सापडलं नाही म्हणून" करत. आता तशी पद्धत नाही. हूव्हर यांनी १९०८ मध्ये सांगितलेली एक साधी खूण बघा. रुग्णाला दुबळ्या पायाची टाच खाटेवर दाबायला सांगितली तर जमत नाही, पण दुसरा, चांगला पाय जोर लावून वर उचलायला सांगितला की त्याच क्षणी दुबळ्या पायाची टाच आपोआप खाली दाबली जाते. म्हणजे वायरिंग शाबूत आहे, मुद्दाम हलवताना लागणारा आदेश पोचत नाही. काही डॉक्टर हे रुग्णालाच दाखवतात आणि म्हणतात, "बघा, पायात ताकद आहे, आपल्याला ती परत मिळवायची आहे." सांगण्याच्या या एका रीतीने माणसाला केवढा धीर येतो!

आणि हो, वर्षानुवर्षं बरं नसलं की मन खचतंच. काळजी, उदासी, रडू येणं हे दुखण्याच्या मागून चालत येतं. त्यावर उपचार घेणं म्हणजे "सगळं मनाचंच होतं" अशी कबुली देणं नाही. ताईने समुपदेशन घेतलं. थकवा तसूभरही कमी झाला नाही, पण रात्री उशी तोंडावर दाबून रडणं थांबलं. माझ्या मते तेवढ्यासाठीही ते घ्यायलाच हवं होतं, दोन वर्षं आधी.

अंथरूण पाहून पाय

सगळ्या लेखातलं हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं, कारण इथे चुकलं तर नुकसान होतं.

ताईचं असं व्हायचं: एखाद्या दिवशी बरं वाटायचं, मग ती कपाटं आवरायला काढायची, साठलेली कामं उरकायची. त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही जेमतेम ठीक. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडायलाही जड, घसा दुखतोय, अंग मोडून आलंय, आवाज आणि उजेड सहन होत नाही. आम्ही आदल्या रात्री काय बिनसलं ते शोधत बसायचो. कपाट दोन दिवसांपूर्वी आवरलं होतं हे डोक्यातच यायचं नाही.

श्रमानंतर असं उशिराने कोसळणं ही एमईची मुख्य खूण आहे. ते बहुधा १२ ते ४८ तासांनी येतं आणि दिवसचे दिवस, कधी आठवडे टिकतं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये या आजाराचे निकष मांडले, त्यात सहा महिन्यांहून जास्त टिकलेला आणि आधीची कामं करू न देणारा थकवा, झोपूनही ताजंतवानं न वाटणं यांच्याबरोबर हे कोसळणं असायलाच हवं असं म्हटलं आहे. लाँग कोविडच्या अनेक रुग्णांनाही हाच अनुभव येतो. श्रम म्हणजे फक्त शरीराचे नव्हेत. लांबलेला फोन, हिशेब, वादावादी, पाहुण्यांची बडबड हेही श्रमच.

ज्यांचं असं होतं, त्यांना "रोज थोडं थोडं वाढवत चला" हा सल्ला बाधतो. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २००७ मध्ये ठरावीक चढत्या क्रमाचा व्यायाम सुचवला होता. २०२१ मध्ये त्याच संस्थेने तो देऊ नये असं सांगितलं. उलट फायब्रोमायाल्जियात हळूहळू वाढवलेला व्यायाम हाच सर्वात भक्कम उपाय ठरला आहे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये शिफारशी काढल्या, त्यांत जोरदार शिफारस एकट्या व्यायामाचीच होती. दोन्ही रुग्ण "अंग दुखतं, दम राहत नाही" असंच सांगतात, पण एकाला तारतं ते दुसऱ्याला मारतं. म्हणून आपलं दुखणं कुठल्या जातीचं आहे हे नावाआधी निदान वागणुकीवरून तरी ओळखायला हवं. दोन-तीन आठवडे रोज दोनच ओळी लिहायच्या: आज काय केलं, आज कसं वाटलं. मग आजचं दुखणं आजच्या कामाशी न जुळवता परवाच्या कामाशी जुळवून बघायचं. आम्हाला जे पाच वर्षांत दिसलं नव्हतं ते तीन आठवड्यांत वहीत दिसलं.

त्यानंतरचा मार्ग अंथरूण पाहून पाय पसरण्याचा. थकल्यावर विश्रांती घ्यायची नाही, थकण्याआधी घ्यायची. बरं वाटलं त्या दिवशीही कालच्याइतकंच करायचं, ही सगळ्यात अवघड गोष्ट. ताई आता स्टुलावर बसून केस विंचरते, आंघोळीलाही स्टूल असतं, घड्याळ लावून वीस मिनिटं काम आणि मग खोलीत पडदा ओढून पडून राहणं. यातून ती बरी झाली नाही. पण महिन्यातले अंथरुणाला खिळलेले दिवस दहा-बारावरून तीन-चारवर आले.

आणखी एक गोष्ट घरी बघता येते. पाच-दहा मिनिटं शांत पडून राहायचं, नाडी आणि रक्तदाब मोजायचा, मग भिंतीला टेकून दहा मिनिटं उभं राहून मधून मधून मोजत राहायचं. शेजारी कुणीतरी हवंच, चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही. फार गरगरलं तर लगेच बसायचं. रक्तदाब फारसा न उतरता मोठ्या माणसाची नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल (१२ ते १९ वयात ४०), आणि उभं राहिल्याने होणारा त्रास तीन महिन्यांहून जुना असेल, तर डॉक्टर पॉट्स या आजाराचा विचार करतात. ताईची नाडी २६ ने वाढली. डॉक्टर म्हणाले, "पॉट्स म्हणता येणार नाही, पण उभं राहिल्यावर काहीतरी होतंय हे खरं." व्याख्येला काठ असतो, शरीराला तो ठाऊक नसतो. जास्त पाणी आणि पोटरीपासून कमरेपर्यंत आवळून बसणारे मोजे, एवढ्यानेही तिला फरक पडला. हे उपाय रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मनाने करू नयेत.

डॉक्टरांपुढची पाच मिनिटं

जगातल्या जवळपास निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला पहिल्या पातळीवरच्या डॉक्टरांची सरासरी पाच मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ येतो, असं ६७ देशांच्या २०१७ मधल्या आढाव्यात दिसलं. आणि अमेरिकेतल्या २०१८ च्या एका अभ्यासात ज्या रुग्णांना डॉक्टरांनी मध्येच तोडलं, त्यांतल्या निम्म्यांना बोलायला लागल्यापासून साधारण ११ सेकंदांतच तोडलं होतं. यात सगळा दोष डॉक्टरांचा आहे असं मी म्हणणार नाही, बाहेर रांग असते. पण मग त्या पाच मिनिटांची तयारी आपल्यालाच करावी लागते.

जाडजूड फाईल कुणी वाचत नाही. आम्ही एक पान केलं. वर एक वाक्य: "मार्च महिन्यात ताप येऊन गेल्यापासून श्रम केले की दोन दिवसांनी कोसळते." त्याखाली कधी काय सुरू झालं याच्या पाच-सहा ओळी. मग आधी काय करता यायचं आणि आता काय येत नाही. "खूप थकवा येतो" याने डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. "दोन जिने एका दमात चढायचे, आता एका जिन्यात दोनदा बसावं लागतं" याने राहतं. मग झालेल्या तपासण्या तारखांसकट, आणि चालू असलेली सगळी औषधं. औषधांची उजळणी खरंच करून घ्यावी: मधुमेहासाठीचं मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्याचाच थकवा, मुंग्या, विसरभोळेपणा असू शकतो.

पानाच्या तळाशी दोन प्रश्न, जास्त नाहीत. "मला काय झालंय?" या प्रश्नाला पाच मिनिटांत उत्तर नसतं. "ह्या लक्षणांसाठी अजून काय तपासायचं राहिलं आहे?" किंवा "काय झालं तर मी तातडीने यायचं?" यांना असतं.

मोठमोठे दहा तज्ज्ञ पालथे घालण्यापेक्षा जवळचा, ऐकून घेणारा एक साधा डॉक्टर धरून ठेवावा, हे माझं पक्कं मत झालं आहे. ताईचे आताचे डॉक्टर काही नामांकित नाहीत. ते म्हणाले, "याचं नाव मला सांगता येत नाही. पण दर तीन महिन्यांनी दाखवायला या, आणि काही नवीन सुरू झालं तर मधेच या." नाव नसलेल्या आजारात हे नियमित दाखवणं फार गरजेचं आहे, कारण एकदा "हिचं नेहमीचंच आहे" असं ठरलं की नवीन, वेगळा आजारही त्याच पोत्यात जातो. कारण नसताना वजन उतरणं, रात्री कपडे भिजतील असा घाम, शौचातून किंवा थुंकीतून रक्त, एका बाजूची अशक्तता किंवा बोबडी वळणं, छातीत दुखणं, पाठदुखीबरोबर लघवी अडणं किंवा मांड्यांच्या आतला भाग बधिर होणं, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, यातलं काही झालं तर जुन्या दुखण्याच्या खात्यात न घालता ताबडतोब दाखवायचं.

हमखास गुण येणारे उपाय

नाव नसलं की उपाय सांगणारे घरापर्यंत येतात. त्यातल्या काहींनी गुण आल्यासारखं वाटतंही. का, ते सांगते. असे आजार लाटेसारखे वर-खाली होतात. आपण नवीन उपाय कधी करतो? दुखणं अगदी टिपेला गेलं की. तिथून ते काही न करताही थोडं खाली येणारच होतं. ते येतं आणि श्रेय त्या पुडीला मिळतं. पुन्हा लाट आली की "तुम्ही पथ्य नीट पाळलं नाही" म्हणून दोष रुग्णाला. शरीरातलं विष बाहेर काढणारे कोर्स, थकलेल्या ॲड्रिनल ग्रंथीवरचे इलाज, रक्तावरून पन्नास पदार्थ वर्ज्य करायला सांगणाऱ्या आयजीजी तपासण्या, यांना वैद्यकशास्त्रात आधार नाही. कुठलाही नवा उपाय करायचा तर एका वेळी एकच, किती दिवस करून बघणार ते आधी ठरवून, आणि वहीत लिहून. आम्ही एकदा चार गोष्टी एकदम सुरू केल्या होत्या. पुरळ उठलं ते कशाने, हे आजतागायत कळलेलं नाही.

घरातल्यांसाठी

भावोजी मनाने चांगले आहेत, पण पहिली दोन वर्षं तेही म्हणायचे, "अगं, रिपोर्ट नॉर्मल आहेत ना? मग जरा मनावर घे ना." जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, हे खरंच. त्यांना मी काही समजावू शकले नाही. वहीतल्या तीन आठवड्यांच्या नोंदींनी समजावलं. ती वाचून ते बराच वेळ गप्प होते आणि दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये स्टूल आणून ठेवलं.

आजाऱ्याला "कशी आहेस?" विचारलं की ती "बरी आहे" म्हणते, कारण रोज तेच काय सांगायचं. त्याऐवजी "आज कितपत जमेल?" असं विचारलं तर उत्तर खरं येतं. "दिसतेस तर छान" हे वाक्य टाळावं. आणि "यापेक्षा मेलेलं बरं" असं काही तोंडून निघालं, तर ते नुसतं वैतागाचं बोलणं समजून सोडून देऊ नये. जवळ बसून सरळ विचारावं, एकटं ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. आम्ही तशी एक रात्र काढली आहे.

पुढच्या आठवड्यात ताईला पुन्हा दाखवायला न्यायचं आहे. कागद कालच तयार केला. तिने सांगितलं, मी लिहिलं, मध्ये दोनदा ती पडून राहिली. तळाशी दोन प्रश्न आहेत: "झोपेत श्वास अडतो का, याची तपासणी माझी कधीच झालेली नाही, करावी का?" आणि "उभं राहिल्यावरची नाडी मागच्या वेळी दुपारी मोजली होती, ती सकाळी उठल्या उठल्या मोजून बघायची का?"